जर्मनीत एक सत्र: मुलं निवडण्याआधी काय काय ठरवायचं?

परदेश_कक्ष_नवा

नमस्कार. आमचं अभियांत्रिकी कॉलेज पश्चिम महाराष्ट्रातलं, स्वायत्त. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातल्या एका होखशूलेशी, म्हणजे तिकडच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठाशी, करार झाला आहे. करार दीड पानी. 'दर वर्षी जास्तीत जास्त ६ विद्यार्थी, एक सत्र' यापलीकडे त्यात फारसं काही नाही. कॉलेजच्या परदेश कक्षाचा कारभार आता माझ्याकडे आलाय.

तिसऱ्या वर्षाची मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरची मुलं पाठवायची आहेत. वरून सूचना अशी की पाचव्या सत्रात, ऑक्टोबरला पाठवा. तिकडचे श्रेयांक (क्रेडिट) आपल्याकडे कसे धरायचे? ग्रेडचं काय करायचं? पालकांना एकूण खर्च किती सांगायचा? आणि मुलं तिथे पोचल्यावर आपली जबाबदारी कुठवर? कोणी हे आधी केलं असेल तर नेमकं सांगा. 'शुभेच्छा सर' नको.

---

श्रेयांकवाला

ऑक्टोबरचा विचार आधी सोडा. बाकी सगळं त्यानंतर.

होखशूलेचं हिवाळी सत्र कागदावर १ सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर असतं. तास सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरतात, परीक्षा जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. आपलं पाचवं सत्र जुलै ते डिसेंबर आणि सहावं जानेवारीपासून. म्हणजे मूल तिकडे एक सत्र करतं आणि इकडची दोन मोडतात. जुलै-ऑगस्टमध्ये इथे अर्धवट शिकलेलं वाया जातं आणि परत येईपर्यंत सहाव्याचे दोन महिने गेलेले असतात.

उन्हाळी सत्र घ्या. कागदावर १ मार्च ते ३१ ऑगस्ट, प्रत्यक्षात तास मार्चच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत आणि मग परीक्षा. यात फक्त सहावं सत्र गुंततं. जानेवारी-फेब्रुवारी हे दोन महिने मोकळे पडतात, ते वाया घालवू नका. सहाव्या सत्राचे एक-दोन विषय, साधारण ४ श्रेयांकांचे, त्या सहा मुलांना दाट तासांनी शिकवा आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांची वेगळी सत्रान्त परीक्षा घ्या. तुम्ही स्वायत्त आहात, तुमचे परीक्षा नियंत्रक हे करू शकतात. संलग्न कॉलेजला विद्यापीठाचं वेळापत्रक हलवता येत नाही, त्यामुळे तिथे हा मार्गच बंद.

मुलं जुलैअखेर परततात. सातवं सत्र तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं आणि कॅम्पस मुलाखतींचा पहिला हंगामही हातचा जात नाही. सातव्यात मात्र कोणालाही पाठवू नका.

आता श्रेयांक. युरोपात श्रेयांक ईसीटीएसमध्ये मोजतात. पूर्णवेळ वर्ष म्हणजे ६० ईसीटीएस, सत्राला ३०. आपल्याकडे राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाला ४०, सत्राला २०. म्हणजे दीडाला एक हे गुणोत्तर. आपले २० पैकी ४ फेब्रुवारीत उरकले, तर तिकडून हवेत १६ श्रेयांक, म्हणजे २४ ईसीटीएस. तिथल्या होखशूलेंमध्ये बहुतेक मॉड्यूल, म्हणजे तिकडचे विषय, ५ ईसीटीएसची असतात, पाच घेतली की २५ होतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे विषयागणिक बरोबरी करत बसणं. ५ ईसीटीएस भागिले दीड म्हणजे ३.३३ श्रेयांक. आपला विषय ३ चा किंवा ४ चा. त्या ०.३३ वरून अभ्यास मंडळाच्या दोन बैठका जातात. त्यापेक्षा टोपली करा: 'ही पाच मॉड्यूल मिळून आमच्या या चार-पाच विषयांचे १६ श्रेयांक.' टोपलीच्या आत प्रत्येक मॉड्यूलसमोर आपला जवळचा विषय मात्र लिहाच. का ते पुढे सांगतो.

मॉड्यूल निवडताना त्यांच्या मॉड्यूल-पुस्तिकेत तीन रकाने बघा: शिकवण्याची भाषा, कोणत्या सत्रात चालतं आणि परीक्षेचा प्रकार. मेकॅनिकलची इंग्रजीत चालणारी मॉड्यूल मोजकी असतात आणि त्यातली काही फक्त हिवाळ्यात. संकेतस्थळावर यादी दिसते म्हणून मुलाचा विषयनिवडीचा करारनामा भरला आणि मार्चमध्ये पाचपैकी दोन मॉड्यूल चालतच नाहीत, हे नेहमीचं दुखणं. म्हणून पाच हवीत तर आठ मंजूर करून ठेवा. एखादं १० ईसीटीएसचं प्रकल्प-मॉड्यूल मिळालं तर डोळे मिटून घ्या, जुळवणीची अर्धी कटकट जाते.

आता 'का'. मूल तिथे एका मॉड्यूलमध्ये नापास झालं तर फेरपरीक्षा बहुधा पुढच्या सत्रात आणि तिथेच. तोवर ते इथे सातव्यात. मग ते श्रेयांक कुठून आणणार? विद्या परिषदेच्या ठरावात असं हवं: तिकडे जे मॉड्यूल राहिलं, त्याच्यासमोर लिहिलेल्या आपल्या विषयाची एटीकेटी (विषय राहिला तरी पुढे जाऊ देण्याची सवलत) धरावी आणि परीक्षा इथे द्यावी. समोर विषयच लिहिला नसेल तर परीक्षा कशाची देणार?

---

श्रेयांकवाला

ग्रेडचं राहिलं. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. आपल्या मुलांचे गुण ते ज्या सूत्राने बदलतात, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात: १ + ३ × (कमाल − मिळालेले) ÷ (कमाल − किमान पास). तेच उलटं फिरवा. कमाल १० आणि पास ४ असेल तर आपला ग्रेड पॉइंट = १० − २ × (जर्मन ग्रेड − १). म्हणजे १.३ चे ९.४, २.०चे ८, ३.०चे ६, ४.०चे ४.

सूत्र सोपं आहे, परिणाम सोपा नाही. तिथे सगळा भार बहुतेकदा शेवटच्या एका पेपरवर असतो, आपल्यासारखे अंतर्गत गुण नसतात. अभियांत्रिकीत २.७ मिळवणारा मुलगा तिथे ठीकठाक समजला जातो, पण सूत्राने त्याचे होतात ६.६. वर्गातले बाकीचे इथे बसून ८.५ घेतात. याची सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची सरासरी, खाली येते आणि कॅम्पसला ७.५ ची अट लागली की पोरगा दाराबाहेर. मग पालक तुमच्या केबिनमध्ये.

दोन मार्ग आहेत. एक, सूत्राने बदलून सीजीपीएत धरा. दोन, श्रेयांक धरा आणि ग्रेड गुणपत्रिकेवर 'परदेशी संस्थेत पूर्ण' अशा शेऱ्यासह मूळ स्वरूपात दाखवा, सीजीपीएत मिसळू नका. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने. कोणताही घ्या, पण मुलं जायच्या आधी आणि सगळ्यांना एकच. निकाल बघून मार्ग निवडायची मुभा दिली की संपलं.

नियमाचंही बघून ठेवा. यूजीसीची २ मे २०२२ ची नियमावली ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांच्यासाठी आहे. ट्विनिंगमध्ये परदेशी संस्थेतले श्रेयांक एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांच्या आत हवेत. तुमची नुसती देवाणघेवाण आहे, पदवी तुमचीच. तरी ती मर्यादा मोजपट्टी म्हणून वापरा: १६० श्रेयांकांच्या बी.टेक.ला ३० टक्के म्हणजे ४८. तुमचे १६ म्हणजे १० टक्के, कोणी बोट ठेवणार नाही.

---

खिडकी_क्रमांक_चार

पैशांचं मी सांगतो. पण आधी करार उघडा आणि शिक्षण शुल्क माफीचं वाक्य त्यात आहे का ते शोधा. बाडेन-वुर्टेमबर्ग २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपियन संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. करारातून देवाणघेवाणीत आलेल्यांना ते लागत नाहीत. पण करारात तसं स्पष्ट नसेल, किंवा ६ जागा असताना तुम्ही सातवा विद्यार्थी पाठवलात, तर तो त्यांच्या लेखी स्वखर्चाने आलेला. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलला फोटो हवा म्हणून घाईत केलेल्या करारांत नेमकं हेच वाक्य गळलेलं असतं. पुरवणी करार करून घ्या, दोन ओळींचा असतो.

आता एका मुलाचा हिशेब, युरो १०० रुपये धरून, मार्च ते जुलैअखेर पाच महिने:

ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी निर्वाहाचे पैसे आगाऊ अडकवून ठेवायच्या खात्यात, महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात (वर्षाचे ११,९०४). पाच महिन्यांचे ४,९६०, म्हणजे जवळपास ५ लाख रुपये. हे पैसे शुल्क नव्हेत, मुलाचेच आहेत, तिथे गेल्यावर दरमहा ९९२ असे त्याच्याच खात्यात सुटतात. पालकसभेत हे दोनदा सांगा. पहिल्यांदा ऐकताना सगळे '५ लाख फी' असंच ऐकतात.

या ९९२ मध्ये राहणं, जेवण आणि आरोग्य विमा बसवायचा. विद्यार्थ्यांचा सरकारी विमा महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. वसतिगृहाची खोली गावागणिक ३०० ते ४००.

याशिवायचा खर्च: विमान जाऊन-येऊन ६० ते ८० हजार रुपये, राष्ट्रीय (दीर्घ मुदतीच्या) व्हिसाचे ७५ युरो आणि व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, तिकडची सत्र वर्गणी शंभर-दोनशे युरो, खोलीची अनामत. एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं, प्रमाणपत्र लागणार असेल तर त्याचे १८,००० रुपये आणि काही आठवडे. एपीएसच्या सूट-यादीत तुमचा प्रकार बसतो का, ते निवडीच्या आधी बघा, निवडीनंतर नव्हे.

म्हणजे सूचना फलकावर लिहायचा आकडा साडेसहा लाखांच्या आसपास. तो निवडीच्या जाहिरातीतच टाका. नाही टाकला तर हुशार पण ऐपत नसलेली मुलं मुलाखत पार करून मग गळतात, आणि ते फार वाईट दिसतं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचं नाव कोणीतरी काढेलच. ती परदेशातल्या पूर्ण पदव्युत्तर पदवीसाठी आणि पीएच.डी.साठी आहे, एका सत्रासाठी नाही. खरी आशा युरोपियन संघाच्या इरॅस्मस प्लसच्या श्रेयांक-गतिशीलता योजनेत आहे. त्यात मुलाला मासिक निर्वाह भत्ता आणि प्रवासखर्च मिळतो. अर्ज मात्र युरोपियन संस्थाच करते, आपण नाही. तेव्हा दर वर्षी शरद ऋतूत तिकडच्या कक्षाला 'या वेळच्या अर्जात भारत घालणार का' हे विचारत राहा, कारण त्यांची मुदत साधारण फेब्रुवारीत संपते.

आणि एक अडकणारी साखळी. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे सुटायला जर्मन बँक खातं लागतं. खात्यासाठी बहुतेक ठिकाणी पत्त्याची नोंदणी मागतात. नोंदणीला घरमालकाचं पत्र. घरमालक अनामत मिळाल्याशिवाय चावी देत नाही. म्हणजे पहिले तीन आठवडे स्वतःच्या ५ लाखांतला एक युरोही हाती येत नाही. म्हणून फॉरेक्स कार्डावर वेगळे १,००० ते १,५०० युरो हवेतच.

---

परदेश_कक्ष_नवा

उन्हाळी सत्राचा मुद्दा लख्ख पटला. व्हिसाचं कसं करायचं? आमच्याकडे एक एजंट म्हणतोय, शेंगेनवर जाऊ द्या, तिथे वाढवून घेऊ.

---

खिडकी_क्रमांक_चार

त्या एजंटला चहा पाजून निरोप द्या. शेंगेन हा युरोपचा अल्पमुदतीचा व्हिसा, म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. मार्चमध्यापासून जुलैअखेर १३० दिवसांच्या वर होतात. भारतीय पासपोर्टवर शेंगेनने जाऊन तिथे विद्यार्थी परवाना काढता येत नाही, परत यावं लागतं. ९० दिवसांच्या वर म्हणजे राष्ट्रीय व्हिसा, इथूनच. अर्जासोबतच्या पत्रात 'संपूर्ण मुक्कामासाठी, या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहून मागा. पूर्ण मुदतीचा मिळाला तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

मार्चपासून उलटं मोजा. मुलं १० मार्चच्या सुमारास पोचायला हवीत. व्हिसाला दोन-तीन महिने धरा, म्हणजे डिसेंबरमध्ये अर्ज. त्यासाठी प्रवेशपत्र हातात हवं, म्हणजे ऑक्टोबरमध्ये तुमच्याकडून नामांकन आणि नोव्हेंबरमध्ये मुलांचा अर्ज. त्यासाठी सप्टेंबरमध्ये निवड पूर्ण, ऑगस्टमध्ये जाहिरात. जुलैत मॉड्यूलची यादी आणि विद्या परिषदेचा ठराव. वसतिगृहाचा अर्ज नामांकनाच्याच आठवड्यात, प्रवेशपत्राची वाट न बघता.

पासपोर्ट ऑगस्टमध्येच हवा. साधा ३६ पानी १,५०० रुपये, तत्काळचे २,००० जास्त. हॉस्टेलला राहणाऱ्यांनी कॉलेजच्या बोनाफाइडवर इथूनच अर्ज केला तरी चालतो, पण पोलीस पडताळणीत वेळ जातो.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी: 'पाटील अमोल सुरेश'. पासपोर्टवर दिलेलं नाव 'अमोल सुरेश', आडनाव 'पाटील'. तिकडच्या पोर्टलवर मूल गुणपत्रिका समोर ठेवून भरतं आणि प्रवेशपत्र येतं ते 'श्री. सुरेश' यांच्या नावाने, पहिलं नाव 'पाटील'. ब्लॉक्ड अकाउंट पासपोर्टप्रमाणे, प्रवेशपत्र तिसऱ्याच प्रकारे, आणि व्हिसा केंद्रावर ही दोन माणसं वेगळी. दुरुस्तीला दोन-तीन आठवडे सहज जातात. सहाही मुलांना एका खोलीत बसवा, पासपोर्टचं पान स्क्रीनवर लावा आणि फॉर्म तुमच्यादेखत भरून घ्या. एक दुपार जाईल, पण पुरेल.

---

मुक्काम_स्टुटगार्ट

पोचल्यानंतरचं लिहितो, कारण करारांत हे कधीच नसतं.

पहिले दोन आठवडे: राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. नगर कार्यालयाची वेळ आगाऊ घ्यावी लागते, ती इथे येण्याआधीच, भारतातून ऑनलाइन घ्या. सोबत घरमालकाने सही केलेला राहत असल्याचा दाखला. नुसता भाडेकरार चालत नाही.

विमा: सरकारी आरोग्य विमा कंपनी विद्यापीठाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवते की हा विद्यार्थी विमाधारक आहे. तो संदेश पोचल्याशिवाय नावनोंदणी होत नाही. मूल विमापत्र हातात घेऊन काउंटरवर उभं असतं आणि समोरचा मान हलवतो, कारण त्याला कागद नकोय, यंत्रणेतला संदेश हवाय. भारतातून निघतानाच विमा कंपनीला होखशूलेचं नाव आणि प्रवेशाची तारीख कळवून ठेवा. भारतातून स्वस्त प्रवास विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट घ्यायचा मोह होतो. ती सूट त्या शिक्षणापुरती मागे घेता येत नाही, सही करण्याआधी दहादा विचार करा. प्रवास विमा हवाच, पण विमानात बसल्यापासून सरकारी विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी.

यासोबत दायित्व विमा, इथे हाफ्टफ्लिश्ट म्हणतात. महिन्याला काही युरो. वसतिगृहाची चावी साध्या कुलपाची नसते, सगळ्या इमारतीच्या कुलूपयंत्रणेतली असते. ती हरवली तर मजल्याची किंवा इमारतीची कुलुपं बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. चावी हरवणं समाविष्ट असलेलीच पॉलिसी घ्यावी.

परीक्षेची नोंदणी: हे ठळक अक्षरांत छापून द्या. इथे मॉड्यूलला बसणं आणि परीक्षेला नाव घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेची नोंदणी सत्राच्या मध्यावर एका ठरावीक खिडकीत उघडते आणि बंद होते. आपल्याकडे फॉर्म राहिला तर विलंब शुल्क भरून भागतं. इथे खिडकी बंद म्हणजे बंद. चार महिने तासाला बसून शून्य ईसीटीएस. तुमच्या कक्षाने मेमध्ये प्रत्येक मुलाकडून नोंदणीचा स्क्रीनशॉट मागवावा.

परतीचं तिकीट परीक्षा वेळापत्रक लागल्यावरच काढा, किंवा तारीख बदलता येणारं घ्या. स्वस्त मिळालं म्हणून फेब्रुवारीतच ८ जुलैचं काढून ठेवतात आणि पेपर निघतो १५ ला.

पत्रपेटी: मुलं उघडतच नाहीत. नोंदणीनंतर थोड्याच दिवसांत सार्वजनिक प्रसारण शुल्काचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी लागतं. ते माणशी नसून घरामागे असतं, त्यामुळे एका फ्लॅटमध्ये चौघे असतील तर एकाने भरायचं आणि वाटून घ्यायचं. मात्र वसतिगृहात सामाईक पॅसेजमध्ये उघडणारी स्वतंत्र खोली स्वतंत्र घर धरली जाते. पत्र टाळलं की स्मरणपत्र, मग दंड. निघताना आबमेल्डुंग, म्हणजे पत्ता रद्द करणं, विसरू नये. त्याशिवाय हे शुल्क आणि विमा दोन्ही चालूच राहतात. घर सोडण्याच्या आधी फार तर आठवडाभर ते करता येतं, म्हणजे अगदी निघायच्या घाईत येतं. तारीख आधीच घेऊन ठेवा.

काम: वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. पण जेवण पोचवण्याची कामं काही ठिकाणी 'स्वयंरोजगार' म्हणून देतात, ती विद्यार्थी व्हिसावर चालत नाहीत. मुलांना हा फरक कोणी सांगत नाही.

आणि हो, घरचं तूप, पेढे, खवा बॅगेत नको. युरोपियन संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात. गोडा मसाला, मेतकूट, बाकरवडी खुशाल आणा.

---

वसतिगृह_रेक्टर

कक्षाच्या कामाबद्दल.

मुलांचा भारतीय मोबाइल क्रमांक बंद होऊ देऊ नका. आधारला जोडलेला तोच, बँकेचा ओटीपी त्यावर, डिजिलॉकर आणि श्रेयांक बँक त्यावर, तुमचा परीक्षा अर्ज आणि महाडीबीटीचा अर्जही त्यावर. रोमिंग सुरू केलंय आणि ओटीपीचा एसएमएस प्रत्यक्ष येतोय याची खात्री भारतात असतानाच करता येत नाही, म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी एक चाचणी ओटीपी मागवायला सांगा. नाही आला तर इथून दुकानात जाऊन सोडवायला घरच्या माणसाकडे कागद हवेत.

महाडीबीटीवर शुल्क प्रतिपूर्ती घेणारी मुलं असतील तर हजेरीचा प्रश्न येईल. हजेरीपटावर त्यांच्या नावासमोर 'मंजूर परदेश सत्र' अशी नोंद, सोबत विद्या परिषदेचा ठराव आणि प्राचार्यांचं पत्र एकाच फाइलला लावा. मूल आपल्याकडे शुल्क भरून प्रविष्ट आहे, फक्त शिकायला दुसरीकडे आहे, हे कागदावर दिसलं पाहिजे. कोरी हजेरी दिसली की पुढच्या टेबलाला फक्त ७५ टक्क्यांखालचा आकडा दिसतो.

निकालाचं: तिकडची गुणपत्रिका ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत येते. तोवर सहाव्या सत्राचा निकाल 'राखीव' ठेवून सातव्याला तात्पुरता प्रवेश द्यायचा ठराव हवा. नाहीतर संगणक प्रणाली त्यांना अनुपस्थित दाखवते आणि उरलेल्या सगळ्या विषयांची एटीकेटी लावून मोकळी होते. ती काढायला मग परीक्षा विभागात महिना जातो.

संपर्क: माहिती देण्याच्या संमतीपत्रावर मुलांच्या सह्या आधी घ्या. गोपनीयतेच्या नियमांमुळे तिकडचं विद्यापीठ पालकांना किंवा तुम्हाला मुलाबद्दल काही सांगत नाही, आजारी पडलं तरी. संमतीपत्राची इंग्रजी प्रत त्यांच्या कक्षाकडे असू द्या.

प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड: ११२ रुग्णवाहिका आणि अग्निशमन, ११० पोलीस, रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा पण जिवावरचं नाही अशा वेळी ११६११७. बाडेन-वुर्टेमबर्ग आपल्या म्युनिकच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतं, तो क्रमांकही. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग दूतावास. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची स्कॅन प्रत तुमच्याकडे असली तर काम दिवसांत होतं.

वेळेचं एक बारीक: मुलं पोचतात तेव्हा फरक साडेचार तासांचा असतो, मार्चच्या शेवटच्या रविवारी साडेतीनचा होतो. त्याच आठवड्यात इकडून ऑनलाइन तोंडी परीक्षा ठेवलीत तर निम्मी मुलं तासभर चुकतात.

---

संलग्न_कॉलेजवाली

आमचं कॉलेज स्वायत्त नाही, वर म्हटल्याप्रमाणे सत्र जमणार नाही. जूनमध्ये दोन आठवड्यांची सहल-कार्यशाळा करायचा विचार आहे, २० मुली-मुलं. तिथे काय वेगळं?

---

खिडकी_क्रमांक_चार

ते शेंगेनवर होतं. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि किमान १५ दिवस आधी. उन्हाळ्यात व्हिसा केंद्राच्या तारखा मिळत नाहीत, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच वीस जणांच्या तारखा घ्या. दोन देश असतील तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. वीस मुलांमागे दोन शिक्षक, त्यातली एक बाई, आणि एकाला दवाखान्यात थांबावं लागलं तर दुसरा गट पुढे नेईल अशी वाटणी आधी ठरलेली.

खरा खड्डा पैशांत आहे. एका सत्रासाठी पालकाने शिक्षणाचे म्हणून बाहेर पाठवलेल्या रकमेवर वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल होणारा आगाऊ प्राप्तिकर, नाही. पण ट्रॅव्हल कंपनीकडून विमान आणि हॉटेल एकत्र घेतलंत की ते कायद्याने परदेशी सहल पॅकेज, आणि त्यावर पहिल्या रुपयापासून टीसीएस. कार्यशाळेचं प्रमाणपत्र दाखवून तो टळत नाही. आणि कॉलेजने सगळ्यांचे पैसे गोळा करून एकरकमी भरले तर कापलेला कर कॉलेजच्या पॅनवर जमा होतो, पालकांना परत मागता येत नाही. प्रत्येक पालकाने थेट कंपनीला स्वतःच्या पॅनवर भरावं. पावती त्यांच्या नावाची निघते, विवरणपत्रात तो त्यांनी भरलेला कर म्हणून धरला जातो. शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर मात्र एक रुपयाही घेऊ नका.

---

परदेश_कक्ष_नवा

पुरवणी करारात शुल्कमाफीचं वाक्य घालायला आजच मेल टाकतो. सहाव्या सत्राचा प्रस्तावही विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीत ठेवतो. श्रेयांकवाले सर, ठरावाचा मसुदा झाला की इथे टाकतो, एटीकेटीचं कलम तेवढं नजरेखालून घाला.

---

श्रेयांकवाला

टाका. मसुद्यासोबत आठ मॉड्यूलची यादीही जोडा, आणि प्रत्येकासमोर 'उन्हाळी' की 'हिवाळी' ते लिहिलेलं असू द्या. ती यादी बघितल्याशिवाय कलमावर काही बोलता येणार नाही.